व्याख्या तोंडपाठ, पण चल कोणता? तृतीय वर्षाच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्ग माझ्या सहकारी सरांचा होता. त्यांनीच विनंती केल्यामुळे मी बहुतेक तासांना मागच्या बाकावर बसून नोंदी घेत होते. संशोधन पद्धतीच्या संज्ञा मुलांना का अवघड जातात, हा प्रश्न आम्हा दोघांनाही बरीच वर्षं सतावत होता.

पार्श्वभूमी

मानसशास्त्र विशेष विषय घेतलेली कला शाखेची मुलं. जवळपास सगळी मराठी माध्यमातली, निम्मीअधिक एसटीनं ये-जा करणारी. सिद्धांतांचे विषय त्यांना आवडायचे. फ्रॉइड, स्किनर, व्यक्तिमत्त्वाचे प्रकार यांवर ती हिरिरीनं बोलायची. संशोधन पद्धतीचा पेपर आला की वर्ग गप्प व्हायचा.

प्रात्यक्षिकं नियमित होत होती. म्युलर-लायर भ्रम, स्मरणाचे प्रयोग, स्ट्रूप परिणाम, सगळं जर्नलमध्ये नीट उतरवलेलं होतं. पण प्रयोगाचा उद्देश, साहित्य, पद्धत, सूचना हे सगळं आधीच छापील मिळायचं. मुलांनी फक्त आकडे भरायचे आणि सरासरी काढायची. अनेक जर्नलांतली चर्चेची पानं मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून शब्दशः उतरवलेली असायची.

अडचण नेमकी काय होती

सराव तोंडी परीक्षेत ती उघडी पडली. वर्गातल्या एका मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलीला सरांनी विचारलं, "स्वतंत्र चल म्हणजे काय?"

ती न अडखळता म्हणाली, "प्रयोगकर्ता ज्या घटकात हेतुपुरस्सर बदल घडवून आणतो, त्याला स्वतंत्र चल म्हणतात."

"बरोबर. मग तुझ्या स्ट्रूपच्या प्रयोगात स्वतंत्र चल कोणता?"

ती थांबली. "सर, विद्यार्थी."

"आणि परतंत्र चल?"

"घड्याळ."

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग तिनं स्वतः केला होता. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शाईचा रंग सांगायचा असतो. शब्द आणि रंग जुळतात की नाही, हे प्रयोगकर्ता बदलतो, म्हणून तो स्वतंत्र चल. सांगायला लागलेला वेळ हे मोजमाप, म्हणजे परतंत्र चल. तिनं घड्याळ लावलं होतं, सेकंद लिहिले होते, व्याख्याही अचूक सांगितली होती. तरीही तिच्या मनात व्याख्या एकीकडे होती आणि प्रयोग दुसरीकडे.

बाकीच्यांची उत्तरंही थोड्याफार फरकानं अशीच आली. सर आणि मी त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये बसून कारणं शोधली. तीन सापडली.

पहिलं कारण पुस्तकांतला गोंधळ. एका पुस्तकात 'चल', दुसऱ्यात 'परिवर्त्य', तिसऱ्यात 'परिवर्तक'. त्याहून अवघड गोष्ट 'गृहीतक' या शब्दाची. मानसशास्त्राच्या काही पुस्तकांत ज्याची चाचणी घ्यायची ते विधान म्हणजे गृहीतक. शिक्षणशास्त्राच्या संशोधनात मात्र गृहीतक म्हणजे जे धरूनच चालायचं, ज्याची चाचणी घ्यायची नसते ते, आणि चाचणी घ्यायच्या विधानाला तिथे परिकल्पना म्हणतात. वर्गातल्या काहींचे मोठे भाऊ-बहीण बी.एड. करत होते. त्यांच्या वह्यांवरून अभ्यास करणाऱ्या मुलांनी दोन्ही अर्थ एकत्र करून टाकले होते.

दुसरं कारण रोजच्या भाषेतले अर्थ. 'निकाल सार्थक आहे' याचा अर्थ बहुतेकांनी 'निकाल महत्त्वाचा आहे' असा घेतला होता. संख्याशास्त्रातली सार्थकता एवढंच सांगते की, प्रत्यक्षात फरकच नसता तर निव्वळ योगायोगानं असा निकाल मिळणं कितपत शक्य होतं. अगदी क्षुल्लक फरकही नमुना मोठा असला की सार्थक ठरू शकतो.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यांत मोठं. मुलांना प्रयोगात काहीही ठरवावंच लागत नव्हतं. कोण कुठल्या गटात, काय मोजायचं, कुठलं उत्तर बरोबर धरायचं, सगळं आधीच ठरलेलं. संशोधनाच्या बहुतेक संज्ञा कुठल्या तरी शंकेतून जन्माला आल्या आहेत. ती शंका ज्याला कधी आलीच नाही, त्याला संज्ञा पाठ करण्यावाचून गत्यंतर नसतं.

कोणते पर्याय होते

सगळ्यांत सोपा पर्याय शब्दसूचीचा: महत्त्वाच्या संज्ञा, एकेक व्याख्या, दर आठवड्याला चाचणी. लेखी परीक्षेत त्याचा फायदा नक्की झाला असता. पण त्या मुलीला व्याख्या येतच होती, मग आणखी व्याख्यांनी काय साधणार, हा आमचा प्रश्न होता.

दुसरा पर्याय एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवला: सरळ इंग्रजी संज्ञा वापरा. मुलं आपापसात स्वतंत्र आणि परतंत्र चलांना 'आयव्ही-डीव्ही' (इंडिपेंडंट आणि डिपेंडंट व्हेरिएबल) म्हणतातच आणि पुढे एम.ए.ला इंग्रजी ग्रंथ वाचावेच लागणार. यात तथ्य होतं. मात्र जिचं उत्तर 'विद्यार्थी' होतं, तिनं 'आयव्ही कोणता' या प्रश्नालाही तेच उत्तर दिलं असतं. आम्ही एवढं केलं की वर्गात एकच मराठी संच वापरायचा (चल, परिकल्पना, नमुना, विश्वसनीयता, वैधता) आणि इतर नावं फळ्याच्या एका कोपऱ्यात कायम लिहून ठेवायची.

तिसरा पर्याय गाजलेले प्रयोग वाचून त्यांतले चल, गट, मोजमापं ओळखण्याचा. चौथा, मुलांनी स्वतःचा छोटा अभ्यास पहिल्यापासून आखण्याचा. चौथ्यात वेळ फार जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि निकाल काय येईल याची खात्री नसते. सरांनी तिसऱ्यानं सुरुवात करून चौथ्यावर जायचं ठरवलं. शब्दसूची शेवटी, मुलांनीच तयार करायची.

सुरुवात: गाडी आदळली की घासली

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा अभ्यास निवडला. ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सगळ्यांना तोच, फक्त क्रियापद वेगळं. सर्वांत जोरदार क्रियापद ऐकलेल्या गटाचा अंदाज सरासरी ताशी ४०.८ मैल आला, सर्वांत सौम्य क्रियापदाच्या गटाचा ३१.८ मैल.

सरांनी भाषांतर दिलंच नाही. मुलांनाच क्रियापदं काढायला सांगितली. आदळल्या, धडकल्या, ठोकल्या, घासल्या, टेकल्या. कुठलं अधिक जोराचं यावर वाद रंगला. मग प्रश्न आला, "या अभ्यासात संशोधकांनी स्वतःच्या हातानं काय बदललं?" मागच्या बाकावरचा, एरवी न बोलणारा मुलगा म्हणाला, "फकस्त शब्द बदलला सर. फिल्म तीच ठेवली." त्या वाक्यात स्वतंत्र चल होता आणि नियंत्रणही होतं. सरांनी दोन्ही संज्ञा तेव्हाच फळ्यावर लिहिल्या.

त्याच शोधनिबंधातला दुसरा प्रयोग नियंत्रित गट ही संज्ञा समजवायला फार उपयोगी पडला. त्यात १५० विद्यार्थी होते, ५०-५० चे तीन गट. दोन गटांना वेगवेगळ्या क्रियापदांनी वेग विचारला, तिसऱ्याला वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्यानंतर सगळ्यांना विचारलं, "फुटलेली काच दिसली होती का?" फिल्ममध्ये काच नव्हतीच. जोरदार क्रियापद ऐकलेल्यांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य क्रियापदाच्या गटातले ७, आणि ज्यांना वेग विचारलाच नव्हता त्यांच्यातले ६.

"तिसरा गट नसता तर काय बिघडलं असतं?" यावर वर्ग बराच वेळ गुंतला. शेवटी एकीनं मांडलं की सौम्य शब्दानं काच 'कमी' झाली की जोरदार शब्दानं 'वाढली', हे कळायला ज्यांना काहीच विचारलं नाही असे लोक लागतातच. नियंत्रित गटाची याहून चांगली व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही.

स्वतःचा अभ्यास: पहिला निर्णय

विषय मुलांनीच निवडला: मोबाइलचा अभ्यासावर होणारा परिणाम. त्यांचा पहिला आराखडा असा की, शंभरेक जणांना रोज किती तास मोबाइल वापरता ते विचारायचं, बारावीचे गुण विचारायचे आणि 'मोबाइलमुळे गुण कमी होतात' हे सिद्ध करायचं.

सरांनी तो आराखडा लगेच खोडला नाही. वर्गातच चार जणांना प्रश्न विचारून बघा म्हणाले. दुसऱ्याच मुलीनं विचारलं, "मोबाइल माझा नाही, पप्पांचा आहे. ते घरी आल्यावर मिळतो. त्यात भाऊपण बघतो. मग किती तास लिहू?" प्रश्न जे मोजायचं म्हणत होता ते मोजतच नव्हता. वैधता हा शब्द त्या दिवशी वर्गात आला.

पुढची शंका अशी निघाली की ज्याचे गुण कमी तो कंटाळून मोबाइल जास्त पाहत असेल, किंवा घरची परिस्थिती दोन्हींमागे असेल. सहसंबंधावरून कार्यकारण ठरत नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. आता त्याचं कारण दिसलं. मग प्रयोग करायचं ठरलं: एका गटाचे मोबाइल बाकावर पालथे, दुसऱ्या गटाचे व्हरांड्यात पिशवीत. दोघांनाही शब्दांची तीच यादी ऐकवायची आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगायचे. सहभागी प्रथम वर्षाचे, त्यांची संमती घेऊन.

दुसरा निर्णय: कोण कुठल्या गटात

मुलांची पहिली सूचना: पुढचे बाक एक गट, मागचे बाक दुसरा. हजेरी क्रमांकाप्रमाणे उठवायला नको, गडबड होत नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "सर, पुढच्या बाकावर सगळ्या हुशार पोरी बसत्यात. मग मोबाइलचं काय कळणार?"

चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. कँटीनमधून स्टीलचा डबा आणला, प्रत्येक सहभागीनं चिठ्ठी उचलली. इथे 'यादृच्छिक' (कुणाच्या पसंतीनं नव्हे, निव्वळ योगायोगानं ठरणारं) या शब्दाचे दोन उपयोग वेगळे करावे लागले आणि ते काम अपेक्षेपेक्षा अवघड गेलं. चिठ्ठ्यांमुळे गटांत विभागणी यादृच्छिक झाली. पण सहभागी होते फक्त त्या दिवशी महाविद्यालयात आलेले आणि हो म्हणालेले, म्हणजे नमुना यादृच्छिक नव्हता. मुलांचा युक्तिवाद होता की मग जास्त मुलं घेऊ. सरांनी १९३६ ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक सांगितली. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी सर्वांकडे नव्हत्या. उत्तर कुणी पाठवलं आणि कुणी नाही, यानंही फरक पडला होता. नमुना कितीही मोठा असला तरी तो कुठून आला हे विचारावंच लागतं.

तिसरा निर्णय: विहीर की आड

सर्वांत जास्त शिकणं इथे झालं, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

यादीत 'विहीर' हा शब्द होता. एकानं 'विहिर' लिहिलं. बरोबर धरायचं? पटकन एकमत झालं की स्मरण मोजतो आहोत, शुद्धलेखन नाही. दुसऱ्यानं 'भाकरी'च्या जागी 'भाकर' लिहिलं. इथे मतं फुटली, पण घरात तसंच म्हणतात म्हणून धरलं. तिसऱ्यानं 'विहीर'च्या जागी 'आड' लिहिलं होतं.

यावर पाऊण तास गेला. एक बाजू म्हणत होती, याला गोष्ट आठवली, म्हणजे स्मरण झालं. दुसरी म्हणत होती, ऐकवलेला शब्द आठवायचा होता, तो आठवला नाही. सरांनी निवाडा दिला नाही. "तुम्ही 'स्मरण' म्हणजे काय मोजता हे कुठं लिहिलंय?" एवढंच विचारलं. लिहिलेलंच नव्हतं. मग मुलांनी लिहिलं: 'ऐकवलेला शब्द, किंवा त्याचं शुद्धलेखनातलं अथवा बोलीतलं वेगळं रूप, लिहिल्यास एक गुण. समानार्थी शब्दाला गुण नाही.' ही त्यांची कार्यात्मक व्याख्या. उत्तरपत्रिकांवरून गटांची खूण झाकली आणि मगच नियम लावला, म्हणजे आपल्याला हवा तो निकाल यावा म्हणून नियम वाकवला जाणार नाही.

दोघींनी एकमेकींना न विचारता सगळ्या पत्रिका तपासल्या. बहुतेक गुण जुळले, काही ठिकाणी जुळले नाहीत. जुळण्याचं प्रमाण म्हणजे तपासनिसांमधली विश्वसनीयता, हे सांगायला सरांना दोन वाक्यं पुरली. त्यावर तपासणाऱ्यांपैकी एकीनंच विचारलं, "आमचे गुण शंभर टक्के जुळले असते, तरी यातून लक्ष मोजलं गेलं असं म्हणता येईल का? आपण तर पाठांतर मोजलं." विश्वसनीयता असूनही वैधता नसू शकते, हा मुद्दा मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवला आहे. तिनं तो स्वतः विचारला.

चौथा निर्णय: नको असलेला निकाल

दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक नगण्य निघाला. सार्थकतेच्या कसोटीवर तो टिकला नाही. वर्ग हिरमुसला. 'मोबाइल गट'मधल्या दोघांना खूप जास्त शब्द आठवले होते. एकानं सुचवलं, "या दोघांना काढूया. ते तसेही लक्ष देत नव्हते, मी बघितलं."

सरांनी वगळण्याचा नियम आधी ठरवला होता का, असं विचारलं. नव्हता. मग दुसऱ्या गटातही लक्ष न देणारे कोण होते, ते पाहिलं का? तेही नाही. पत्रिका ठेवायच्या ठरल्या. सरांनी त्यांना २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रकल्प सांगितला. संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निकाल होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. यामागे अनेक कारणं आहेत, पण निकाल पाहून मग माहिती गाळणं हे त्यांतलं एक मानलं जातं. आपल्या वर्गात जे घडू पाहत होतं तेच मोठ्या प्रयोगशाळांतही घडतं, हे कळल्यावर मुलं गंभीर झाली.

निष्कर्षाच्या वाक्यावर अजून एक फेरी झाली. दोन्ही गटांत प्रत्यक्षात फरक नाही, असं चाचणीसाठी आधी धरलेलं विधान म्हणजे शून्य परिकल्पना. मुलांनी लिहिलं होतं, 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली.' ते बदलून 'शून्य परिकल्पना नाकारता आली नाही' असं झालं. बदल सर्वांनी मान्य केला, पण समजून किती जणांनी केला याबद्दल मला तेव्हाही शंका होती.

काय निष्पन्न झालं

लेखी परीक्षेत ठळक फरक पडला नाही. तिथे व्याख्या विचारल्या जातात आणि त्या मुलांना आधीही येत होत्या. तोंडी परीक्षेत पडला. बहिःस्थ परीक्षकांनी स्वतःच्या प्रयोगाबद्दल विचारलं तेव्हा बहुतेकांनी चल, गट आणि मोजमाप अचूक सांगितलं. स्ट्रूपच्या प्रयोगात स्वतंत्र चल 'विद्यार्थी' म्हणणाऱ्या मुलीला परीक्षकांनी यादीतले शब्द बदलले तर काय होईल असं विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही गटांना तेच बदललेले शब्द दिले तर चालेल, एकालाच दिले तर नाही."

पण ज्ञान समान वाटलं गेलं नाही. पत्रिका तपासणाऱ्यांना विश्वसनीयता पक्की समजली. शब्द वाचून दाखवणाऱ्या मुलाला ती फक्त ऐकून माहीत होती. चिठ्ठ्यांचं काम ज्यांनी केलं त्यांना यादृच्छिक विभागणी कळली, त्या दिवशी ऊसतोडीमुळे किंवा एसटी चुकल्यामुळे न आलेल्यांना नाही. ज्याच्या वाट्याला जो निर्णय आला, तीच संज्ञा त्याची झाली. शून्य परिकल्पना जवळजवळ कुणाचीच झाली नाही.

आणखी एक परिणाम आम्हाला नको होता. सर्वेक्षण सोडून प्रयोगाकडे वळल्यामुळे काहींचा समज झाला की प्रयोग म्हणजेच खरं संशोधन आणि सहसंबंधाचे अभ्यास कमी प्रतीचे. घटस्फोट, आघात, दारिद्र्य यांसारख्या गोष्टी कुणी चिठ्ठ्या टाकून वाटू शकत नाही. तिथे सहसंबंधाचाच आधार असतो, हे सांगायला नंतर वेळ उरला नाही.

पुन्हा करायचं तर काय बदलावं

कामं आलटून पालटून द्यायला हवीत. प्रत्येकानं किमान काही पत्रिका तपासाव्यात आणि एकदा तरी गट पाडावेत. वेळ वाढेल, तो छापील प्रात्यक्षिकांपैकी एखादं कमी करून काढता येईल. मुलांचा पहिला सर्वेक्षणाचा आराखडा सोडून देण्याऐवजी दुरुस्त करून शेवटपर्यंत न्यावा, म्हणजे दोन्ही प्रकारच्या पुराव्यांची ताकद आणि मर्यादा शेजारी शेजारी दिसतील. शब्दसूची शेवटी ठेवण्याचा निर्णय मात्र मला अजूनही योग्य वाटतो. मुलांनी लिहिलेल्या सूचीत प्रत्येक संज्ञेपुढे वर्गातलं उदाहरण होतं, आणि कार्यात्मक व्याख्येसमोर 'आड' लिहिलेलं होतं.

शून्य परिकल्पनेला वेगळी सुरुवात हवी. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेला चहाचा प्रयोग त्यासाठी सोयीचा आहे. कपात आधी दूध घातलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं, असा एका बाईंचा दावा असतो. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. चव घेऊन दूध आधीचे चार ओळखायचे. चवीतलं काहीही न कळता नुसत्या अंदाजानं चारही बरोबर निवडण्याची शक्यता ७० पैकी १. 'हिला काहीच कळत नाही' असं आधी धरायचं आणि मग निकाल त्याच्याशी कितपत विसंगत आहे ते पाहायचं, हा क्रम त्यात हातानं करता येतो. तीन कप बरोबर आले तर काय म्हणायचं, हा प्रश्नही आपोआप येतो: अंदाजानं तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १७ आहे, म्हणजे तेवढ्यावर दावा मान्य करता येत नाही, आणि तिला चव कळत नाही असंही ठरत नाही. पुढच्या तुकडीसोबत सर हा प्रयोग मोबाइलच्या अभ्यासाआधी, पहिल्याच आठवड्यात घेणार आहेत, आणि किती कप बरोबर आले तर दावा मानायचा हे मुलांनी चहा ओतण्याआधी लिहून द्यायचं आहे.